१२१ पराभव : शिकागो व्हाइट सॉक्सच्या २०२४ हंगामाची चिरफाड

मेजर लीग बेसबॉलमध्ये प्रत्येक संघ मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत १६२ सामने खेळतो, म्हणजे जवळजवळ रोज एक. इतक्या लांब हंगामात चांगला संघही साठेक सामने हरतो आणि टाकाऊ संघही साठेक जिंकतो. खरी चढाओढ मधल्या चाळीसेक सामन्यांची असते. म्हणूनच शंभर पराभव ही नामुष्की समजली जाते. शिकागो व्हाइट सॉक्स २०२४ मध्ये १२१ सामने हरले आणि ४१ जिंकले. १९०१ नंतरच्या आधुनिक काळात एका हंगामात इतके पराभव कोणाच्याही वाट्याला आले नव्हते. आधीचा विक्रम १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्सचा होता, १२० पराभवांचा. पण मेट्सचा तो जन्मानंतरचा पहिलाच हंगाम होता आणि इतर संघांनी नको म्हणून सोडलेल्या खेळाडूंतून तो संघ उभा केला होता. व्हाइट सॉक्स हा शतकाहून जुना संघ, अमेरिकेतल्या तिसऱ्या क्रमांकाच्या शहरातला, आणि तीनच वर्षांपूर्वी गटविजेता. खर्चातही तो तळाला नव्हता. २०२४ मध्ये सर्वांत कमी पगार देणारा संघ ओकलंडचा होता.

जिंकलेल्या सामन्यांचा क्रम बघा : २०२१ मध्ये ९३, २०२२ मध्ये ८१, २०२३ मध्ये ६१, २०२४ मध्ये ४१. संघ एका रात्रीत कोसळलेला नाही.

बिघाड नेमका कुठे

हरणाऱ्या संघाची तपासणी विजय-पराभवांपासून सुरू करू नये, धावांपासून करावी. व्हाइट सॉक्सने वर्षभरात ५०७ धावा केल्या आणि ८१३ दिल्या. फरक उणे ३०६. बेसबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक बिल जेम्स यांचं जुनं सूत्र असं : केलेल्या धावांचा वर्ग भागिले केलेल्या व दिलेल्या धावांच्या वर्गांची बेरीज. ते इथे लावलं तर उत्तर ०.२८० येतं, म्हणजे १६२ सामन्यांत ४५ विजय. प्रत्यक्षात आले ४१. चारेक सामने नशिबाने, ऐन वेळच्या चुकांनी किंवा शेवटच्या इनिंगमधल्या ढिसाळपणाने गेले असं फार तर म्हणता येईल. उरलेली सगळी पडझड संघाच्या कुवतीची होती. ‘नशीबच फुटकं’ हा बचाव इथे टिकत नाही.

आता त्या ३०६ धावांची फोड करू. त्या वर्षी लीगमध्ये एक संघ एका सामन्यात सरासरी ४.३९ धावा करत होता, म्हणजे हंगामाला साधारण ७११. व्हाइट सॉक्स फलंदाजीत त्याच्या २०४ धावा मागे होते, तर पिचिंग (चेंडू टाकणं) आणि क्षेत्ररक्षण मिळून १०२ धावांनी मागे. शिकागोत वर्षभर बुलपेनच्या, म्हणजे मागून येणाऱ्या पिचरांच्या नावाने बोटं मोडली गेली, कारण हातातला सामना आठव्या इनिंगमध्ये निसटताना डोळ्यांना दिसतो. तिसऱ्या इनिंगमध्ये तीन बॅटर निमूटपणे बाद होऊन परततात, ते कोणाच्या लक्षात राहत नाही. पण हिशेब सांगतो की दोन तृतीयांश दोष बॅटचा होता.

बॅटमध्ये काय बिघडलं होतं? सरासरी ०.२२१ होतीच खराब, पण तिच्याहून महत्त्वाचा आकडा आहे बेसवर पोहोचण्याच्या प्रमाणाचा : ०.२७८, लीगमध्ये सर्वांत कमी. हजार वेळा बॅटर उभा राहिला तर ७२२ वेळा तो बेस न गाठता परतला. बेसबॉलमध्ये संघाला नऊ इनिंगमध्ये सत्तावीस बाद मिळतात, तेच त्याचं भांडवल. जो संघ चेंडू सोडत नाही, वाइड जाणाऱ्या चेंडूमागे बॅट फिरवतो, तो हे भांडवल फुकट घालवतो. त्यात होम रन फक्त १३३, तेही लीगमध्ये तळाला. बेसवर माणूस नाही आणि मोठा फटकाही नाही, अशा वेळी एक धाव काढायला तीन साधे फटके ओळीने लागतात. ०.२२१ सरासरीच्या संघाला हे किती वेळा जमणार?

गटविजेतेपदातला पोकळपणा

२०१६ च्या डिसेंबरात क्लबने पुनर्बांधणीसाठी पिचर क्रिस सेल बोस्टनला दिला आणि योआन मोंकाडा, मायकल कोपेक आणले. पुढच्या उन्हाळ्यात होसे किंताना शहरातल्याच कब्जला देऊन एलॉय हिमेनेझ आणि डिलन सीस घेतले. क्युबातून लुईस रॉबर्ट आला. या तरुणांशी लांब मुदतीचे स्वस्त करार झाले : हिमेनेझशी सहा वर्षांचा ४.३ कोटी डॉलरचा, रॉबर्टशी सहा वर्षांचा ५ कोटींचा, मोंकाडाशी पाच वर्षांचा ७ कोटींचा. कागदावर हे पुनर्बांधणीचं नमुनेदार उदाहरण होतं. २०१८ मध्ये शंभर पराभव सोसले, २०२० मध्ये बारा वर्षांनी प्लेऑफ, म्हणजे हंगामानंतरची बाद फेरी, गाठली, २०२१ मध्ये गट जिंकला.

गोम अशी की, पहिल्या फळीमागे दुसरी फळी तयारच केली नव्हती. रॉबर्ट, हिमेनेझ, मोंकाडा तिघेही वारंवार जायबंदी होत आणि त्यांच्या जागी येणारा खेळाडू त्यांच्या निम्म्याचाही नसे. क्रिकेटमध्ये पाच कसोटींच्या मालिकेत एक-दोन बदली खेळाडू चालून जातात. इथे सहा महिने रोज खेळायचं असतं, त्यामुळे २६ जणांच्या संघातले शेवटचे दहा आणि ट्रिपल-ए, म्हणजे मेजर लीगच्या लगेच खालच्या पायरीवरून, केव्हाही बोलावता येतील असे आणखी दहा, हाच संघाचा खरा पाया. विश्लेषक ‘बदली पातळी’ मोजतात : कुठूनही किमान पगारात मिळणारे खेळाडू घेऊन अख्खा संघ भरला तर तो किती जिंकेल? ठरलेलं उत्तर आहे सुमारे ४८. व्हाइट सॉक्स ४१ जिंकले. म्हणजे मैदानात पाठवलेल्यांपैकी बरेच जण बदली पातळीच्याही खाली होते, आणि त्यांना खाली बसवून आणायला दुसरं कोणी नव्हतं.

मधल्या काळात वरची मंडळीही चुकत गेली. २०२० च्या अखेरीस मालक जेरी राइन्सडॉर्फ यांनी ७६ वर्षांच्या टोनी ला रूसा यांना मॅनेजर, म्हणजे मैदानावरचे मुख्य प्रशिक्षक, म्हणून परत आणलं. प्रकृतीमुळे ते २०२२ मध्ये बाजूला झाले. होसे अब्रेऊ त्याच वर्षी निघून गेला. त्याची जागा भरण्याऐवजी अँड्र्यू बेनिंटेंडीला पाच वर्षांसाठी ७.५ कोटी डॉलर दिले गेले. मुक्त बाजारातून घेतलेल्या खेळाडूसाठी हा या क्लबच्या इतिहासातला सर्वांत मोठा करार, आणि तो धड मोठे फटके न मारणाऱ्या लेफ्ट फील्डरसाठी. ऑगस्ट २०२३ मध्ये संघबांधणी सांभाळणारे दोन वरिष्ठ अधिकारी, केन विल्यम्स आणि रिक हान, यांना एकाच दिवशी काढलं. नऊच दिवसांनी क्रिस गेट्झ जनरल मॅनेजर झाले. २०१६ अखेरपासून क्लबचा खेळाडू-विकास विभाग गेट्झ यांच्याकडेच होता. ज्या विभागाने दुसरी फळी पुरवली नाही त्याच्याच प्रमुखाला बढती, यावर शिकागोत जी टीका झाली ती रास्त होती. बाहेरच्या कोणाच्या मुलाखतीही क्लबने घेतल्या नाहीत.

हिवाळ्यातली खरेदी

गेट्झ यांनी ठरवलं की आधी गळती थांबवायची, म्हणजे क्षेत्ररक्षण सुधारायचं. त्यासाठी एक वर्षाचे स्वस्त करार झाले : शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या जागेवर, पॉल डियॉन्ग, कॅचर म्हणून मार्टिन माल्डोनाडो. रिलिव्हर, म्हणजे मागून येणारा पिचर, एरन बमर अटलांटाला देऊन एकदम पाच खेळाडू घेतले, त्यात मायकल सोरोका आणि निकी लोपेझ होते. दक्षिण कोरियाच्या लीगचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, ठरलेला पिचर एरिक फेडी दोन वर्षांसाठी १.५ कोटी डॉलरमध्ये आणला. हंगामाला दोन आठवडे असताना, १३ मार्चला, संघातला सर्वांत भरवशाचा पिचर डिलन सीस सॅन डिएगोला गेला.

फेडी हा यातला उत्तम सौदा : २१ सामन्यांत त्याच्या नावे ७ विजय, ४ पराभव आणि नऊ इनिंगमागे ३.११ धावा, तेही या संघात. डियॉन्गनेही १८ होम रन मारले. पण माल्डोनाडोची सरासरी ०.११९ राहिली आणि जुलैमध्ये त्याला सोडावं लागलं. सोरोका ०-१० वर संपला. कॅचर चांगला चेंडू अडवत असेल तर त्याची बॅट थोडी खपवून घेतात, हे खरं. पण ज्या संघात आठवा, सातवा, सहावा बॅटरही चालत नाही, तिथे नववा ०.११९ चा परवडत नाही. क्षेत्ररक्षणासाठी बॅट सोडण्याचा सौदा आधीच धावा करणाऱ्या संघाने करायचा असतो.

पहिले पंधरा दिवस

२८ मार्चला घरच्या मैदानावर डेट्रॉईट टायगर्सविरुद्ध पिचर गॅरेट क्रोशेने सहा इनिंगमध्ये एकच धाव दिली आणि संघ १-० ने हरला. पुढचे दोन सामनेही एकेका धावेने गेले. त्या पहिल्या सामन्यात वर्षभराचा आराखडा आहे : पिचिंग ठीक, धावा नाहीत.

३१ मार्चला हिमेनेझ जायबंदी. ५ एप्रिलला कॅन्सस सिटीत बेसकडे धावताना रॉबर्टच्या कमरेचा स्नायू दुखावला; तो जूनपर्यंत बाहेर. ९ एप्रिलला क्लीव्हलँडमध्ये मोंकाडा पहिल्या बेसकडे पळताना मांडी धरून खाली बसला आणि सप्टेंबरमध्येच परतला. अख्ख्या हंगामात १२ सामने. दहा-बारा दिवसांत मधली फळी नाहीशी झाली. पहिल्या २५ सामन्यांत ३ विजय, २२ पराभव.

दुखापतींना दोष देणं सोपं आहे आणि क्लबने तो दिलाही. पण या तिघांच्या दुखापतींचा इतिहास पाच वर्षांचा होता. जे दरवर्षी घडतं त्याची तजवीज नसेल तर तो अपघात म्हणता येत नाही.

२३ मे : एक शेवट जवळून

घरचं मैदान, समोर बॉल्टिमोर ओरिओल्स. नवव्या इनिंगला व्हाइट सॉक्स २-८ असे मागे. अचानक चार धावा निघतात, ६-८ होतं. एक बाद, पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर माणसं, समोर बेनिंटेंडी. त्याचा चेंडू शॉर्टस्टॉपजवळ उंच उडतो. अशा वेळी अंपायर ‘इनफिल्ड फ्लाय’ पुकारतो : चेंडू झेलला जावो वा सुटो, बॅटर बाद. क्षेत्ररक्षकाने मुद्दाम झेल सोडून दोन बळी घेऊ नयेत, म्हणजे धावणाऱ्यांच्या रक्षणासाठी हा नियम आहे. त्याच क्षणी दुसऱ्या बेसकडे परतणारा अँड्र्यू वॉन शॉर्टस्टॉप गनर हेंडरसनच्या वाटेत येतो. हेंडरसन त्याला वळसा घालून आरामात झेल घेतो. पण क्षेत्ररक्षकाच्या वाटेत आलेला धावपटू हेतू नसला तरी बाद ठरू शकतो, आणि अंपायरने वॉनलाही बाद दिलं. दोन बळी, सामना संपला.

निर्णय नियमाच्या अक्षराला धरून होता, पण अंपायरला तारतम्य वापरायला जागा होती. त्यावर शिकागोत आठवडाभर काथ्याकूट चालला. खरा प्रश्न तिसराच : आठ धावा देऊन नवव्या इनिंगपर्यंत दोनच का झाल्या होत्या? २२ मेला सुरू झालेली पराभवांची मालिका १४ वर थांबली.

तीन मालिका आणि त्यांचा गैरसमज

हंगामात पराभवांच्या तीन मोठ्या मालिका झाल्या : १४, २१ आणि १२. मधली १० जुलैपासून ५ ऑगस्टपर्यंत चालली आणि १९८८ च्या ओरिओल्सच्या अमेरिकन लीग विक्रमाशी बरोबरी करून ओकलंडला ५-१ च्या विजयाने तुटली. सगळ्या बातम्या या मालिकांच्याच. पण हे ४७ पराभव खोडून टाकले तरी उरलेल्या ११५ सामन्यांत हिशेब ४१-७४ राहतो. तोच वेग १६२ सामन्यांना लावला तर ५८ विजय, १०४ पराभव. मालिका नसत्या तरी हा लीगमधल्या तळाच्या दोन-तीन संघांतला एक असता. मालिकांनी फक्त विक्रम दिला.

मालिका इतक्या लांबण्याचं कारण मात्र पिचिंगमध्ये आहे. चांगल्या संघात एक असा पिचर असतो जो दर पाचव्या दिवशी सात इनिंग टाकून मालिका तोडतो. क्रोशेकडे ती ताकद होती : १४६ इनिंगमध्ये २०९ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर), नऊ इनिंगमागे ३.५८ धावा. पण २०२४ पूर्वी त्याच्या संपूर्ण मेजर लीग कारकिर्दीत ७३ इनिंग होत्या, सगळ्या रिलिव्हर म्हणून, आणि कोपराची टॉमी जॉन शस्त्रक्रिया झालेली. म्हणून जुलैपासून त्याला साधारण चार इनिंगवर थांबवलं जाई. ३२ सामन्यांची सरासरी काढली तर साडेचार इनिंग निघते, उरलेल्या साडेचार बुलपेनने टाकायच्या. रिलिव्हर जितके जास्त वापरावे लागतात तितका शेवटच्या माणसाचा दर्जा खाली जातो, आणि दुसऱ्या दिवशी दमलेले हातच पुन्हा उतरतात. क्रोशेला जपण्याचा निर्णय चुकीचा नव्हता. त्याच्या उरलेल्या इनिंग कोण टाकणार, हे ठरवलेलं नव्हतं. त्याची स्वतःची नोंद ६-१२ राहिली.

२९ जुलैला फेडी, कोपेक आणि टॉमी फॅम एकाच तीन-संघी सौद्यात गेले, दुसऱ्या दिवशी हिमेनेझ आणि डियॉन्ग. सौदे भविष्यासाठी असतात हे मान्य, पण त्या आठवड्यानंतर मैदानात उरलेला संघ खेळाडूंनाही ओळखू येत नव्हता.

शेजारच्या घरात

२०२३ मध्ये कॅन्सस सिटी रॉयल्स ५६-१०६ होते, म्हणजे व्हाइट सॉक्सच्या ६१-१०१ पेक्षाही वाईट. गट एकच, शहर कितीतरी लहान. हिवाळ्यात त्यांनी दोन स्टार्टर, म्हणजे सामना सुरू करणारे पिचर, घेतले : सेथ लुगो तीन वर्षांसाठी ४.५ कोटी डॉलर, मायकल वाका दोन वर्षांसाठी ३.२ कोटी. दोघेही चमकदार नव्हेत. दोघांचा गुण एकच, भरपूर इनिंग टाकणं. लुगोने दोनशेहून जास्त टाकल्या. शिवाय शॉर्टस्टॉप बॉबी विट ज्युनियरशी दीर्घ करार करून केंद्र पक्कं केलं. २०२४ मध्ये रॉयल्स ८६-७६, प्लेऑफमध्ये. व्हाइट सॉक्सविरुद्ध त्यांची नोंद १२-१. जुलैअखेरीस शिकागोने डियॉन्गही त्यांनाच विकला!

बेनिंटेंडीवर खर्च झालेली रक्कम आणि लुगो-वाका यांची एकत्रित रक्कम फार लांब नाहीत. पैशापेक्षा तो कुठे लावला, याचा हा फरक आहे.

मॅनेजर बदलून काय झालं

८ ऑगस्टला मॅनेजर पेद्रो ग्रिफोल यांना काढलं, तेव्हा नोंद २८-८९ होती. उरलेल्या ४५ सामन्यांत त्यांच्या जागी आलेल्या ग्रेडी साइझमोर यांची १३-३२. टक्केवारी ०.२३९ वरून ०.२८९ वर गेली; पूर्ण हंगामाला लावली तर ३९ ऐवजी ४७ विजय. त्यातलेही पाच विजय शेवटच्या सहा सामन्यांत आले. १२० वा पराभव सॅन डिएगोत झाल्यावर संघ घरी आला, प्रेक्षक विक्रम बघायला जमले, ‘संघ विका’ अशा घोषणा राइन्सडॉर्फ यांच्या नावे झाल्या, आणि संघाने एंजल्सला तिन्ही सामन्यांत हरवलं. १२१ वा पराभव डेट्रॉईटमध्ये २७ सप्टेंबरला, ४-१. त्याच रात्री टायगर्सने प्लेऑफ गाठली.

ग्रिफोल यांच्या डावपेचांवर बोलण्यासारखं बरंच आहे, पण ०.२७८ ने बेस गाठणाऱ्या संघाला कोणताही क्रम लावा, धावा वाढत नाहीत.

हरून काही मिळालं का?

‘मुद्दाम हरतात, वरचा ड्राफ्ट (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतली आधीची पाळी) मिळतो’ हा युक्तिवाद इथे सपशेल पडतो. २०२२ च्या करारापासून पहिल्या सहा जागांसाठी सोडत निघते आणि तळाच्या तीन संघांना पहिल्या जागेची संधी सारखीच, १६.५ टक्के. म्हणजे १०२ हरा किंवा १२१, फरक शून्य. त्याहून जाचक अट अशी की उत्पन्न-वाटणीत पैसे भरणाऱ्या मोठ्या शहरांच्या क्लबला लागोपाठ दोन वर्षं सोडतीतली जागा मिळत नाही. २०२४ मध्ये व्हाइट सॉक्सला पाचवी जागा मिळाली होती, त्यातून डावखुरा पिचर हेगन स्मिथ घेतला. त्यामुळे १२१ पराभवांनंतर २०२५ मध्ये त्यांची पाळी दहाव्या जागेच्या वर येऊच शकत नव्हती. दहाव्या जागेवर शाळकरी शॉर्टस्टॉप बिली कार्लसन आला. हा नियम हंगामाआधीच सगळ्यांना माहीत होता; कोणी हिशेब करून हरत असेल तर त्याचा हिशेबही कच्चा म्हणायचा.

फायदा झाला तो दुसऱ्या वाटांनी. डिसेंबर २०२४ मध्ये क्रोशे बोस्टनला देऊन कॅचर काइल टील, चेस मायड्रोथ, ब्रेडन माँटगोमेरी आणि विकेलमन गोन्झालेझ आले. त्याच महिन्यात इतर क्लबच्या अडकून पडलेल्या खेळाडूंमधून निवड करण्याच्या ‘रूल ५’ ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर मिल्वॉकीचा पिचर शेन स्मिथ घेतला आणि पुढच्याच वर्षी तो ऑल-स्टार झाला. पराभवांच्या त्याच उन्हाळ्यात क्लबचा डबल-ए संघ बर्मिंगहॅम बॅरन्सने सदर्न लीग जिंकली होती, म्हणजे दुसरी फळी तयार होऊ लागली होती, फक्त दोन पायऱ्या खाली. नवे मॅनेजर विल व्हेनेबल यांच्या हाताखाली २०२५ चा शेवट ६०-१०२ असा झाला. क्रोशेने बोस्टनसाठी त्याच हंगामात १८ सामने जिंकले.